इवलीचा शंख आणि आंबट पाऊस

डोंगरापलीकडे रान. रानात उंच ऐनाचं झाड. ऐनाखाली ओली माती. मातीवर इवली.

इवली कोण? इवली गोगलगाय. पाठीवर शंख, शंखात घर.

एकदा वरून वाळकं फळ पडलं. टक्!

शंखाचा कपचा उडाला. एवढासाच! पण भोक पडलं. भोकातून वारा आत आला. आणि झुडपातून आवाज आला.

कूप! कूप!

भारद्वाज! लाल लाल डोळे. काळी काळी चोच. त्याला गोगलगाय फार आवडते. खायला!

इवली मातीकडे गेली. सुळुक सुळुक.

"मातीमाय, मातीमाय, चुना दे. भोक माझं बुजेना. भारद्वाज येतोय!"

माती म्हणाली, "कुठला चुना, बाई? आंबट पाऊस आला, सगळा धुऊन घेऊन गेला. ऐन पानं टाकील, पानं कुजतील, तेव्हा चुना देईन. आधी ऐनाला सांग."

इवली ऐनाकडे गेली. सुळुक सुळुक.

"ऐनदादा, ऐनदादा, पानं टाक.
माती चुना देईना,
भोक माझं बुजेना.
भारद्वाज येतोय!"

ऐन कण्हला. "पानं फुटली तर टाकीन ना! ऊन वाढलंय, आणि आंबट पाणी मुळांना झोंबतंय. शेंडा वाळला, बघ. पाऊस गोड होईल, तेव्हा पानं टाकीन. आधी पावसाला सांग."

कूप! कूप! आवाज जवळ आला.

इवली पावसात गेली. सुळुक सुळुक. थेंब पडले. टिप टिप. भोकातून आत झोंबले. आई गं!

"पावसा, पावसा, गोड हो.
ऐन पानं टाकेना,
माती चुना देईना,
भोक माझं बुजेना.
भारद्वाज येतोय!"

पाऊस म्हणाला, "मी काय हौसेने आंबट झालो? ढग जसा, तसा मी. ढग निवळेल, तेव्हा गोड होईन. आधी ढगाला सांग."

ढग डोंगरावर बसला होता. इवली डोंगर चढली. सुळुक सुळुक.

"ढगोबा, ढगोबा, निवळ ना.
पाऊस गोड होईना,
ऐन पानं टाकेना,
माती चुना देईना,
भोक माझं बुजेना.
भारद्वाज येतोय!"

ढग खोकला. खॉक्! खॉक्! "पोटात भट्टीचा धूर शिरतोय गं! धूर थांबेल, तेव्हा निवळेन. आधी भट्टीवाल्या अक्काला सांग."

कूप! आवाज अगदी मागे आला!

डोंगराखाली गाव. गावात कौलांची भट्टी. धडधड, धडधड! द्वारकाक्का भट्टीत कोळसा टाकत होती.

इवली उतरली. सुळुक सुळुक सुळुक सुळुक!

"अक्का, अक्का, धूर आवर.
ढग काही निवळेना,
पाऊस गोड होईना,
ऐन पानं टाकेना,
माती चुना देईना,
भोक माझं बुजेना.
भारद्वाज येतोय!"

अक्का हसली. "धूर? तो आहेच कुठे? गाव खोकत होतं, म्हणून आम्ही धुराडं उंच केलं. ताडाएवढं! आता कुणी खोकत नाही."

"मग धूर जातो कुठे?"

"वर."

"वर म्हणजे कुठे?"

"अगं, वर म्हणजे... वर!"

अक्काने मान वर केली. धूर निघाला. डोंगरावर गेला. ढगात शिरला. ढग खोकला. खॉक्!

अक्का हसायची थांबली.

भिंतीवर पंख फडफडले. लाल लाल डोळे! इवली थरथर कापली. पण ओरडली,

"माती म्हणते, ऐनाला सांग. ऐन म्हणतो, पावसाला सांग. सगळे एवढे मोठे, आणि चालायचं मी! आता तू कुणाकडे धाडतेस?"

"कुणाकडेच नाही," अक्का म्हणाली.

तिने झटकन इवलीवर कौल पालथं घातलं. भारद्वाजाला हाकललं. मोठ्या टाकीत चुना कालवला. धुराच्या वाटेत चुन्याच्या पाण्याचा फवारा सोडला.

धूर आला. फुस्स्! न्हाला. मगच बाहेर गेला. मग रोजच न्हाला.

टाकीतला चुना इवलीला भाजला असता, म्हणून अक्काने तिला रानात नेलं. ऐनाखाली ठेवलं. वर कौल ठेवलं.

धूर न्हाला, ढग निवळला.
ढग निवळला, पाऊस गोड झाला.
पाऊस गोड झाला, ऐनाला पानं फुटली.
लगेच नाही हं! एक पावसाळा गेला. दुसराही गेला.
ऐनाने पानं टाकली, पानं कुजली.
पानं कुजली, मातीने चुना दिला.
मातीने चुना दिला, इवलीचं भोक बुजलं.

आणि एका सकाळी कौल उलथलं. खडाळ्!

लाल लाल डोळे. काळी काळी चोच. इवली आत शिरली. आत, आत, अगदी आत.

टण्!

पुन्हा चोच बसली. टण्!

शंख फुटला नाही.

"काय गं, दगड झालीस?" भारद्वाज म्हणाला. चोच चोळत उडून गेला.

आत इवली थरथरत होती. थरथरली, थरथरली, मग थांबली.

एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं.