धुराड्याभोवतीची फट

“आणि अहंकार जायला साधारण किती दिवस धरायचे, माई?”

निवृत्त शिक्षणाधिकारी उपळेकरांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर वही उघडी होती. अकरा दिवसांनी परतीचं रिझर्व्हेशन होतं आणि त्याआधी त्यांना अनुग्रह हवा होता.

घाटमाथ्यावरच्या त्या मठात पंच्याहत्तरीच्या अनसूयामाई ओल्या लाकडांशी झटत बसल्या होत्या. पुढ्यात लोखंडी बंद चूल. तिचं पत्र्याचं धुराडं भिंतीतून बाहेर गेलेलं. धुराड्याभोवतीच्या फटीतून पावसाचं पाणी आत झिरपून भिंत काळी पडली होती.

माईंनी भिंतीकडे बोट दाखवलं.

“एवढं गळणं थांबवा. मग अनुग्रहाचं बोलू.”

उपळेकरांनी आतून सिमेंट थापलं. दुसऱ्या दिवशी पाणी सिमेंटच्या कडेने आलं. मग त्यांनी शहरातून फटी बुजवायची, आच सोसणारी महागडी लांबी मागवली आणि तीही आतूनच भरली. पाणी चार बोटं खालून फुटलं. दर वेळी माई येऊन बघायच्या, छान झालंय म्हणायच्या आणि गळतीखालची बादली जरा सरकवून जायच्या.

बाहेरून का नाही बुजवत, असं माईंनी एकदा सहज विचारलं. दोषाचं मूळ आतच शोधावं लागतं, यावर उपळेकर पाऊण तास बोलले. माईंना पटलं असावं. मध्येच त्यांचा डोळा लागला.

खरं कारण निराळं होतं. बाहेरची भिंत एसटीच्या थांब्यासमोर होती आणि त्या थांब्यावर तालुक्यातले निम्मे मास्तर उभे असत.

सातव्या दिवशी पावसाने उघडीप दिली. उपळेकर ध्यानाला बसले होते, तेवढ्यात बाहेर शिडी करकरली. जाऊन बघतात तो माईंनी पदर खोचलेला, एक पाय शिडीवर.

“माई, उतरा. मी चढतो.”

माई लगेच उतरल्या. जरा जास्तच लगेच.

पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून उपळेकर वर गेले. बाहेरच्या अंगाला धुराड्याभोवती हात जाईल एवढं भगदाड होतं.

“नमस्कार, साहेब,” थांब्यावरून कुणीतरी म्हणालं.

एकेकाळी ज्यांच्याकडून त्यांनी गैरहजेरीचे खुलासे मागवले होते, ते मास्तर एकेक करून शिडीखाली जमले. दोघांनी शिडी धरली. तिसऱ्याने, उजवीकडे काम समाधानकारक नाही, असं अगदी तपासणीच्या आवाजात सांगितलं.

उपळेकरांचे कान तापले. पण खाली उतरावं तर मास्तरांच्याच गराड्यात.

मग ते इरेला पेटले. चूल सकाळपासून थंड होती. त्यांनी धुराड्याभोवती पत्र्याची चकती बसवली, तिच्या वरच्या कडेला लांबी भरली, दोन्ही बाजू भरल्या. कोपरापर्यंत काजळी माखली. शेवटी खालची कडही अंगठ्याने दाबून दाबून बंद केली. मुंगी शिरली नसती.

“आता थेंब जायचा नाही,” ते म्हणाले. आवाजात जुनं ऑफिस परत आलं होतं.

माईंनी मान वर करून पाहिलं...

“खालची कड उकरा.”

“उकरू? तिथून पाणी आत जाईल, माई.”

“आत जायचं ते कुठून तरी जाईलच, उपळेकर. त्याला बाहेर पडायला वाट ठेवा.”