नरक्याच्या झाडाची संतापी परी

सह्याद्रीच्या दाट रानाशेजारी ठकू नावाची इवलीशी मुलगी राहायची. घरात पिठाचा खडखडाट, आणि आई मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. त्या आजाराचं औषध नरक्याच्या सालीत असतं. नरक्याच्या फुलांना घाण वास येतो म्हणून पूर्वी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. औषधाचं कळलं मात्र, कुऱ्हाडीवाले धावत आले. मेल्यांनी झाडं मुळासकट उपटली, पोती भरली आणि चालते झाले.

कड्याच्या कपारीत एकच झाड उरलं. झाडाचं औषध घ्यायचं तर आदल्या दिवशी त्याला आवतण द्यायचं, ही ठकूच्या आईची रीत. ठकूने घरातले शेवटचे चार तांदूळ त्याच्या मुळाशी ठेवले आणि म्हणाली, "उद्या येते बरं का, चिमूटभर साल न्यायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फांद्यांतून झळाळत परी उतरली. हिरवेसोनेरी पंख, पंखांवर दवाचे इवले इवले मणी. डोळे मात्र लालबुंद.

"आलीस? सगळी माणसं एका माळेचे मणी," परी फणकारली. "माग काय ते. एक इच्छा पुरी करीन. पण ती पुरी झाली की हे झाड वाळून जाईल."

ठकूला रडू आलं, आणि रडता रडता भयंकर राग आला.

"असला कसला गं नियम तुझा? पल्याडच्या वाडीतली सोनाकाकीबी आजारी हाय. मग तिनं काय करायचं? न्हाई मागत मी इच्छा. काल इचारून गेले, तेवढी चिमूटभर साल दे, न्हाईतर न्हाई म्हण. झाडं तोडली त्यांनी आन् राग माझ्यावर व्हय?"

परी वरमली. "रागात केला होता नियम," ती हळूच म्हणाली. "मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

तिने पंख झटकले. चमचमणारं बी उघड्या डोंगरभर उधळलं आणि पोपटी रोपटी तरारून वर आली. मग परी ठकूबरोबर घरी गेली, चिमूटभर साल स्वतः उकळली आणि काढा आईच्या ओठी लावला. आईच्या गालांवर गुलाबी रंग चढला.

"रोपं मोठी होतील, आणि ते कुऱ्हाडीवाले परत येतील," परी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता.

"येऊ देत की. आता राखायला आम्ही हाय," आई म्हणाली, आणि भिंतीला हात लावून उठून उभी राहिली.

झोपडीभर सोनेरी उजेड पसरला, आणि परी त्यात विरघळून गेली.