काजळीचं घुंगरू

माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तसे. पण गोष्ट मनापासून सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

फार फार पूर्वी, राज्य कोणत्या राजाचं होतं तेही आता कुणाला आठवत नाही, तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची वस्ती होती. घरं थोडी आणि म्हशी पुष्कळ. वस्तीच्या मागे रान, रानाच्या पलीकडे खोल दरी.

त्या वस्तीची एक रीत होती. प्रत्येक म्हशीच्या गळ्यात घाटी, म्हणजे लहानशी घंटा बांधलेली असायची. दोन घाट्यांचा आवाज कधी सारखा नसायचा. दिवसभर म्हशी रानात चरायच्या आणि संध्याकाळी गवळी दारात बसून नुसते कान लावायचे. कोणती पुढे आहे, कोणती मागे रेंगाळली, हे त्यांना आवाजावरून कळायचं. एखादी घाटी ऐकू आली नाही की गवळी काठी घेऊन धावत सुटायचा. कारण गप्प घाटी म्हणजे म्हैस दरीत पडली, नाहीतर वाघाने धरली. लहानपणापासून प्रत्येक गवळी हेच शिकायचा, की वाजतंय ते जिवंत आहे.

त्या वस्तीत एक गवळी आणि त्याची बायको राहत होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हशी होत्या, आणि दोन मांजरं होती. मांजरं त्यांची होती, असं म्हणणंही तसं बरोबर नाही. ती बाहेरची होती. गवताच्या गंजीत झोपायची, छपरावरून फिरायची, रानात जायची आणि मनात येईल तेव्हा परत यायची. पण संध्याकाळी धारा काढायची वेळ झाली की दोघं गोठ्याच्या दारात हजर. गवळण एका खोलगट दगडात दुधाचा फेस टाकायची. दोघं तो चाटायची, मिशा पुसायची आणि जायची.

त्यातला एक पिवळा बोका होता. त्याचं नाव हळद्या. दुसरी काळी मांजर, तिचं नाव काजळी. हळद्या म्हशीच्या पाठीवर बसून रवंथ बघत राहायचा. काजळी मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही. फक्त गवळी एकटा बसला असेल तर हळूच येऊन त्याच्या पायाला डोकं घासायची आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडे-तिकडे बघायची.

गवळ्याचा दोघांवर फार जीव. रानातून कोल्हा ओरडला की तो उठून दोघं कुठे आहेत ते बघायचा.

गवळण हसायची. म्हणायची, "परवा थोरली म्हैस व्यायली, तेव्हा धनी घोरत होते. आणि आता बोक्याला शिंक आली तर उठून बसतात!"

"थोरलीला चार पाय आणि दोन शिंगं आहेत," गवळी म्हणायचा. "या बिचाऱ्यांना कोण आहे?"

"नखं आहेत की! माझ्या नव्या लुगड्याला विचारा."

एका संध्याकाळी काजळी एकटीच आली. गवळ्याने हाका मारल्या. गंजी पाहिली, छप्पर पाहिलं, ओढ्यापर्यंत जाऊन आला. हळद्या काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

शेजारचा म्हातारा गवळी म्हणाला, "अरे गड्या, बोका आहे तो. गेला असेल पलीकडच्या वस्तीत सोयरीक जुळवायला. येईल वऱ्हाड घेऊन."

सगळे हसले. गवळीही हसला. पण घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मेला असता तर मी खड्डा खणला असता, वर दगड ठेवला असता, रडून मोकळा झालो असतो. पण जो नुसता आलाच नाही, त्याचं काय करायचं गं?"

फेस टाकताना गवळणीचाही हात अजून दोनदा वळत होता.

मग गवळ्याच्या मनाने घेतलं. हळद्याच्या गळ्यात काही वाजत असतं, तर तो कुठे गेला हे कळलं असतं. आपण धावत गेलो असतो. आता काजळीला तरी असं जाऊ द्यायचं नाही.

त्याने म्हशीच्या पारडाच्या गळ्यातलं एक बारीक घुंगरू काढलं. ते मऊ दोरीत ओवलं. काजळी पायाला डोकं घासायला आली, तेव्हा त्याने पटकन तिच्या गळ्यात बांधलं. काजळी उडी मारून बाजूला झाली. घुंगरू वाजलं. ती पळाली. घुंगरू तिच्याबरोबर पळालं. ती छपरावर चढली, तर तेही छपरावर. शेवटी ती कोपऱ्यात बसून स्वतःच्या गळ्याकडे बघायचा प्रयत्न करू लागली.

"होईल सवय," गवळी मायेने म्हणाला. "पारडंही आधी अशीच बिचकतात."

शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता. तो ओरडला, "काय रे, उंदरांनी तुला किती लोणी चारलं?"

पण गवळ्याला त्या दिवसापासून शांत झोप लागू लागली. आता कान लावला की काजळी कळायची. टिण टिण, गंजीवर आहे. टिण टिण, चुलीमागे आहे. गवळणही एकदा म्हणाली, "खरंच, घरात लेकीचे पैंजण वाजल्यासारखं वाटतं."

हळूहळू काजळी रानात जाईनाशी झाली. दिवसभर अंगणातच बसू लागली. संध्याकाळपर्यंत न थांबता सकाळपासूनच दुधासाठी ओरडू लागली. गवळी फुलून गेला. सगळ्यांना सांगू लागला, "बघा, आता कशी माणसाळली! मला सोडून जातच नाही."

ती माणसाळली नव्हती. ती उपाशी होती. ती दबा धरून बसायची, पण पुढे झेप घेण्याआधीच घुंगरू वाजायचं आणि उंदीर बिळात जायचा. घरातली धान्याची कणगी उंदरांनी पोखरली, तरी गवळ्याच्या लक्षात आलं नाही. जो आवाज त्याला हवा होता, तो येत होता.

पुढे काजळी गाभण राहिली आणि एके दिवशी तिचं पोट रिकामं दिसलं. तिने गंजीच्या आत खोल तीन पिल्लं घातली होती. मांजराची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पिल्लं कुठे आहेत हे ती कुणाला कळू देत नाही. पण काजळी पिल्लांना पाजायला निघाली की टिण टिण वाजायचं, परत आली की टिण टिण वाजायचं.

रानाच्या कडेला एक कोल्हा बसलेला असायचा. तो आपल्याशीच म्हणाला, "किती चांगली माणसं आहेत! आता वास घेत फिरायला नको. जेवण तयार झालं की घंटा वाजवतात."

एका पहाटे त्याने एक पिल्लू नेलं.

त्यानंतर काजळी अंगणात बसून राहिली. तिचे सड दुधाने भरून आले होते. ती गंजीकडे बघून ओरडायची, दोन पावलं जायची, घुंगरू वाजलं की थांबायची आणि परत फिरायची. तिला कळलं होतं, की आपण गेलो तर आपल्याबरोबर कोल्हाही येतो.

दुपारी गवळणीला गंजीतून बारीक आवाज आला. तिने गवत बाजूला केलं. दोन पिल्लं अंगाला अंग लावून पडली होती, पोटं पाठीला लागलेली. शेजारी रिकाम्या जागेवर थोडे काळे केस आणि रक्ताचा डाग होता.

"अहो, लवकर या," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच गवळी धावत आला.

तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही पिल्लं पदरात घ्यायला बायकोला सांगितलं, घरात टोपलीत ठेवली आणि दार लावलं. पण माणसाचा हात लागलेल्या जागी मांजर पिल्लं ठेवत नाही. काजळी खिडकीतून आत आली, एकाला मानेला धरून बाहेर घेऊन निघाली. टिण टिण, टिण टिण. रानाच्या कडेला कोल्ह्याने मान वर केली. काजळी थबकली आणि पिल्लू तोंडात धरून तशीच परत आली. पुन्हा निघाली. पुन्हा परत आली. दिवस मावळायला आला तरी तिचं हेच चाललं होतं.

गवळ्याला काही सुचेना. धारा काढायची वेळ झाली म्हणून तो थोरल्या म्हशीखाली बसला, पण बोटं चालेनात. डोळ्यांतलं पाणी चरवीत पडलं.

थोरली म्हणाली, "मालक, दुधात पाणी घालायची आपल्या घरची रीत नाही."

त्या काळी जनावरं बोलायची, आणि खरं म्हणजे तेव्हा माणसं ऐकायची.

गवळी म्हणाला, "माझं काय चुकलं गं? तुझ्या गळ्यात घाटी बांधली, तू सुखरूप राहिलीस. तिच्या गळ्यात बांधली, तर असं का झालं?"

थोरलीने रवंथ थांबवला. "मी केवढी आहे, बघा. मी कुठे लपणार? घाटी नसली तरी वाघाला मी दिसणारच. घाटी वाजली की मागच्या म्हशी माझ्याजवळ येतात, तुम्ही काठी घेऊन येता. तो आवाज माझं कुंपण आहे. तिला ना कळप, ना शिंगं. कुणाला ऐकू न येणं, हेच तिचं कुंपण. तुम्ही काळजीपोटी तेच मोडलंत."

"पण ती गप्प झाली तर ती आहे की गेली, हे मला कसं कळणार?"

"कळणार नाही," थोरली म्हणाली. "घुंगरू तुमच्या जिवासाठी होतं, मालक. गळा मात्र तिचा होता."

गवळी उठला. अंगणात काजळी पिल्लाजवळ दमून बसली होती. तो तिच्यापासून थोडा दूर खाली बसला आणि वाट बघत राहिला. आपल्या गळ्यात घुंगरू बांधणारा हाच, हे तिला माहीत होतं. तरीही बऱ्याच वेळाने ती आली आणि त्याच्या पायाला डोकं घासलं. त्याने हळूच दोरी कापली.

काजळीने मान झाडली. काही वाजलं नाही. तिने पुन्हा मान झाडली. मग तिने एक पिल्लू उचललं आणि कुंपणाच्या खालून निघून गेली. कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. थोड्या वेळाने ती दुसऱ्यासाठी परत आली. तेव्हाही ती टोपलीत शिरेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. दुसरं पिल्लू घेऊन ती गेली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

कोल्हा आला. गंजीजवळ उभा राहून त्याने एक कान इकडे केला, एक तिकडे केला. बराच वेळ थांबला. शेवटी उपाशीच रानात गेला.

गवळी दारात बसून होता. गवळण त्याच्याजवळ येऊन बसली.

"काही ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

पुढे ती दोन्ही पिल्लं मोठी झाली. एक गोठ्याच्या दारात फेस चाटायला येऊ लागलं. दुसरं थोडे दिवस आलं, मग यायचं बंद झालं, आणि गवळी त्याच्यासाठीही रडला. पण त्या वस्तीत पुन्हा कुणी मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधलं नाही.

गोष्टीचा बोध असा: जीव लावावा तो समोरच्याच्या रीतीने, आपल्या भीतीच्या रीतीने नाही.

आता एवढंच सांगतो, की दोरी कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्याने काय केलं. तो म्हशी सोडून रानाकडे निघाला. कुंपणापलीकडच्या मऊ धुळीत त्याला बारीक पावलं उमटलेली दिसली. जाताना खोल रुतलेली, येताना हलकी, पुन्हा जाताना खोल. ती ओढ्याच्या बाजूला वळत होती. रात्रभर त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं. तो खाली वाकला, पहिल्या पावलाजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. मग तो उठला, आणि पावलं कुठवर जातात हे न बघता त्याने सगळा कळप त्यांच्यावरून हाकला. कोल्ह्याला दिसायला एकही पाऊल मागे राहिलं नाही.