राहेलमावशीची तुळई

फार वर्षांमागची गोष्ट, पण आमच्या कोळगव्हाणात अजून ती काल घडल्यासारखी सांगतात. तेव्हा गावातली ख्रिस्ती मंडळी उपासनेला गोठ्यात बसायची. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले की नेमकी म्हैस रेकायची! पण राहेलमावशीनं गीत धरलं की म्हशीचं काही चालायचं नाही. मावशी गायला लागली की नदीपलीकडची गुरंसुद्धा चरायची थांबायची, असं म्हणतात.

मावशीच्या लेकीचं, मनीचं लग्न ठरलं. व्याही मोठा ताठ. म्हणाला, "पोराचं लग्न लावीन तर देवाच्या घरात. गोठ्यात नाही." मावशीही तोऱ्यात बोलून गेली, "या की! उपासनेचं मंदिर बांधून ठेवते." मग काय, सारं गाव कामाला लागलं. भिंती उभ्या राहिल्या. वऱ्हाड उद्यावर आलं, छपराची तुळई वर चढवली, आणि बघतात तर ती चांगली हातभर आखूड! उमाजी गवंड्यानं भिंती मापल्या आपल्या लांबलचक हातानं, आणि बुटक्या धोंडू सुतारानं लाकूड कापलं तितकेच हात, पण आपल्या आखूड हातानं मोजून. दोघं भांडायला उठले, माझंच माप खरं म्हणून.

मनी भिंतीला टेकून रडायला लागली.  मावशीनं तुळई खाली उतरवायला लावली आणि पदर खोचला.

"धरा दोन्हीकडून. ताणा!"

"अगं मावशे, लाकूड आहे ते, कणीक नव्हे!" धोंडू कळवळला.

"मग लेकीचं वऱ्हाड माघारी धाडू? धर म्हणते ना!"

एका टोकाला उमाजी, दुसऱ्या टोकाला धोंडू, दोघांच्या मागे अख्खं गाव. मावशीनं गीत धरलं. लाकूड कुरकुरलं आणि हळूहळू वाढायला लागलं, असं म्हणतात. भिंतींच्या मापाला आलं. पण मावशीला कुठलं भान! आनंदानं ती गातच राहिली. तुळई आता चावडीपर्यंत जाते की काय! सगळे ओरडले, "पुरे, मावशी, पुरे!" तेव्हा कुठे ती थांबली, आणि रडता रडता मनीला असं हसू फुटलं की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी व्याही आला तेव्हा वर कौलं चढली होती. लग्न थाटात लागलं.

त्या मंदिरात आता गावाच्या सभाही भरतात. आणि गावात लग्न कुणाचंही असो, कुठल्याही धर्माचं असो, मांडवात दोन्हीकडचे पाहुणे एक वासा धरून ताणतात, आणि बायका मावशीच्या नावानं गातात. वासा काही वाढत नाही. पण नवरी खदखदून हसल्याशिवाय कुणी हात सोडत नाही.