न्हाऊन कोरडाच बसलेला फिल्टर

फार फार जुनी, म्हणजे गेल्या शर्यतीच्या आधीची गोष्ट. एका डर्ट बाइकच्या सीटखाली, डब्यात, हवा गाळणारा स्पंजाचा फिल्टर राहायचा. धुळीने तो इतका काळा पडला की इंजिनकाकांना श्वास पुरेना. मग गॅरेजमधल्या तेलाच्या बाटलीने, म्हणजे तेलमावशीने, त्याला साबणाच्या पाण्यात बुचकळून काढलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.

वाळल्यावर फिल्टर आरशासमोरून हलेचना. कसा पिवळाधमक दिसत होता! तेवढ्यात मावशी झाकण उघडून आली. "चल, आता तेल चोपडते."

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? दिवाळीतसुद्धा आधी तेल, मग आंघोळ! न्हाऊन झाल्यावर कुणी चिकट होतं का?"

"अरे, त्या चिकटपणालाच तर धूळ..."

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. टुणकन उडी मारून कोरडाच डब्यात जाऊन बसला.

शर्यत सुरू झाली. पुढच्या गाड्यांनी धुळीचे लोट उडवले. धूळ फिल्टरच्या भोकाभोकांतून सुळकन आत शिरू लागली आणि हा गुदगुल्या होतात म्हणून खिदळत राहिला. पहिल्याच चढावर इंजिनकाकांना ठसका लागला आणि खोकत खोकत ते बंदच पडले.

मावशीने धावत येऊन डबा उघडला. फिल्टर ऐटीत म्हणाला, "बघा काका, सगळे धुळीने माखलेत. मी मात्र कसा लख्ख!"

काका पुन्हा खोकले, तशी मूठभर माती बाहेर पडली.

"असणारच," ते म्हणाले. "तुझ्या वाटची सगळी मीच खाल्ली."