दाराला तीन हात

“…मग दाराला लावू तरी काय, बुवा? वार्निश, जवसाचं तेल, की डिंबेल?”

खाडीवरच्या मठात येऊन रघुवीर कांदळगावकर सकाळपासून हाच प्रश्न घोळवत बसला होता. सावळेबुवा वालाच्या शेंगा सोलत होते.

“डिंबेल म्हणजे होड्यांना लावतात ते? काजूच्या टरफलांचं?”

“तेच. त्यानं वाळवी येत नाही, पण दार काळं पडतं. वार्निश दिसतं झकास, पण खारा वारा त्याचे पोपडे काढतो. जवसाचं तेल वाळता वाळत नाही. सगळं करून बघितलंय मी. सागवानातलं मला कुणी शिकवू नये.”

“मग मला कशाला विचारतोस?”

रघुवीर पंच्यानं कपाळ पुसू लागला.

खरं सांगायचं तर विचारायला त्याला दुसरं माणूसच उरलं नव्हतं. जन्मभर बंदरात साहेबकी केली, नाकावर माशी बसू दिली नाही. बायको गेल्यावर गावी परतून समुद्राकडे तोंड करून घर बांधलं, आणि त्याला असं दार बसवलं की पंचक्रोशीत तसं दुसरं नाही. पण त्या दारातून आत यायची एकाखेरीज कुणाची छाती होईना, आणि आता तो एकही येत नव्हता. संध्याकाळी रघुवीर एकटाच पत्ते मांडायचा, समोरच्याचा हातही स्वतःच खेळायचा आणि स्वतःशीच हरायचा. एकटेपणा त्याला आतून खात होता, पण त्यावर बोलण्यापेक्षा दारावर बोलणं सोपं होतं.

“तुला हवंय तरी कसं?” बुवांनी विचारलं.

“असं, की ऊन लागू नये, पाऊस लागू नये… आणि कुणाचा हात उमटू नये.”

बुवांची बोटं थांबली.

“कुणाचा उमटला?”

“जगूचा.”

जगू म्हणजे धाकटा भाऊ जगन्नाथ, दगडी गडग्यापलीकडच्या घरात राहणारा. रोज संध्याकाळी पत्ते खेळायला यायचा तो हाच.

“शिमग्यात पालखी आमच्या वाडीत वळली. ‘दादा, चल लवकर’ करत धावत आला आणि ओल्या वार्निशवर हात थापला. पाचही बोटं उमटली. माझं डोकंच फिरलं.”

“काय बोललास?”

रघुवीर खाडीकडे बघू लागला.

“बोल.”

“हात तोडून ठेवीन म्हणालो. पालखीसमोर, सगळ्या गावादेखत.”

“आणि तो?”

“हात लेंग्याला पुसला आणि गेला. तेव्हापासून आला नाही. नाही आला तर नाही. माझं काही अडत नाही.”

“आणि ठसा?”

“पॉलिशपेपरनं घासून काढला. वर तीन हात दिले, एकावर एक. आता शोधून सापडायचा नाही!” एवढं सांगतानाही गड्याची मान ताठच होती.

“दाराला तीन हात दिलेस,” बुवा म्हणाले.

“हो.”

“आणि जगूला एक तरी?”

रघुवीरनं मान खाली घातली.

बुवांनी एक शेंग सोलली, मग दुसरी…

“करंगळीचा ठसा जात नव्हता, बुवा.” रघुवीर म्हणाला. “बाकीची बोटं गेली, ती जाईना. लहानपणी तीच करंगळी धरून मी त्याला शाळेत न्यायचो… ते घासताना आठवत होतं मला. तरी घासतच राहिलो.”

बायकोला अग्नी देताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो माणूस पंच्यानं तोंड झाकून पोराटोरासारखा रडला. त्याला भाऊ हवा होता. दुसरं काही नको होतं.

“आता तोंड कसं दाखवू त्याला? कोरडा माणूस मी…”

बुवा शेंगांची परडी बाजूला सारून उठले. फळी वाळली का ते बघतात, तसा त्यांनी आपला तळवा रघुवीरच्या छातीवर टेकवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग काढून घेतला आणि तळव्याकडे पाहिलं.

“ओल आहे अजून,” ते म्हणाले. “वरून काही लावू नकोस.”