ठिपका पुसण्याची घाई

संगणक खोलीएवढे असायचे, त्या काळातली गोष्ट बरं का मंडळी. एका इस्पितळाच्या संगणकात मेमरी सांभाळणारा कर्नल नावाचा कारभारी होता. मेमरीतल्या पानावर काही नवं लिहिलं की पानाला आपोआप लाल ठिपका लागे, म्हणजे नक्कल बाकी. कारभारी त्या पानाची नक्कल कायम टिकणाऱ्या डिस्कवर उतरवी, मग ठिपका पुसी. बिनठिपक्याचं पान जागा लागली की कोरं करून टाकी.

एकदा एका पानाची नक्कल संपत आली असताना डॉक्टरीणबाईंनी पानाच्या वरच्या, नक्कल झालेल्या भागात ओळ घातली : ‘रुग्ण गोदूबाईंना सल्फाचं औषध देऊ नये, जीव जाईल.’ कारभाऱ्याने न बघताच ठिपका पुसला.

पान कडाडलं, “अहो कारभारी, गिऱ्हाईक बोलतंय तोवरच पुडी बांधलीत? ही ओळ नकलेत आहे का?”

“ठिपका कुठाय तुला?”

“तुम्हीच पुसलात की! वर मलाच विचारता?”

डिस्क म्हणाली, “ओळ आलेली नाही हो माझ्याकडे.”

कारभारी ओशाळला. त्याने नक्कल पुन्हा उतरवली. तेव्हापासून तो आधी ठिपका पुसतो, मग नक्कल करतो. मध्ये कोणी लिहिलंच, तर ठिपका पुन्हा उमटतो नि नक्कल पुन्हा होते.

“आता करा मला कोरं,” पान धुसफुसतच म्हणालं, “गोदूबाई तरी वाचली.”